किनारा नसलेल्या समुद्राचे राखणदार

समुद्र म्हटला की त्यास किनारा असावयाचाच, अशी आपणां सर्वांची समजूत असते. अरबी समुद्रास कोकणचा किनारा आहे, बंगालच्या उपसागरास आंध्रचा आहे. ज्यास किनाराच नाही त्यास समुद्र तरी का म्हणावे? परंतु पृथ्वीच्या पाठीवर असा एक समुद्र आहे खरा. अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात पश्चिमेस गल्फ स्ट्रीम, उत्तरेस उत्तर अटलांटिक प्रवाह, पूर्वेस कॅनरी प्रवाह आणि दक्षिणेस विषुववृत्तीय प्रवाह असे चार प्रवाह एकमेकांच्या हातात हात घालून चक्राकार फिरत असतात. त्यांनी वेढलेले जे मधले संथ, उबदार आणि गर्द निळे पाणी, त्याचे नाव सर्गासो समुद्र. आपल्या भारताच्या क्षेत्रफळाहूनही हा समुद्र मोठा आहे. त्याच्या चारही भिंती पाण्याच्या, आणि त्या भिंतीही ऋतुमानाप्रमाणे इकडेतिकडे सरकणाऱ्या! साऱ्या विस्तारात जमीन म्हणावी तर पश्चिमेकडच्या बाजूस बर्म्युडा नावाचा एक लहानसा द्वीपसमूह तेवढा आहे.

ह्या समुद्रास नाव मिळाले ते त्यावर तरंगणाऱ्या सोनेरी तपकिरी शैवालामुळे. त्याच्या देठांस वाटाण्याएवढ्या हवेने भरलेल्या गाठी असतात. ज्या पोर्तुगीजांनी आपल्या मराठीला पाव, चावी, बटाटा हे शब्द दिले, त्यांच्याच खलाशांना ह्या गाठी पाहून आपल्याकडील एका जातीच्या बारीक द्राक्षांची आठवण झाली आणि त्यांनी त्यास 'सर्गासो' म्हटले, असे सांगतात. १४९२ च्या सप्टेंबरात कोलंबसाच्या गलबतांनी हे शैवाल पाहिले, तेव्हा जमीन जवळ आली असे खलाशांस वाटले. जमीन मात्र आणखी कित्येक दिवस दिसली नाही. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यांवर आणि गोव्यातही ओहोटीच्या वेळी सर्गासमच्या जाती दिसतात. मात्र आपल्याकडील सर्गासम खडकाला घट्ट चिकटून वाढते. सर्गासो समुद्रातील दोन जातींनी खडकाशी असलेले नाते कायमचे तोडले आहे. त्या तळाला कधी टेकत नाहीत. एका तुकड्याचे दोन व्हावेत, दोनाचे चार व्हावेत, अशी त्यांची वंशवृद्धी चालते. जन्म, वाढ आणि मरण, सारे तरंगता तरंगताच.

ह्या तरंगत्या रानात काय राहते, हे सांगू गेल्यास पाने पुरणार नाहीत. शैवालाच्याच रंगरूपाचा एक मासा पंजासारख्या परांनी फांद्या धरून दबा धरतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अंड्यांतून बाहेर पडलेली कासवाची पिले येथे येऊन वाढतात. कॅनडाच्या थंड पाण्यातील पोरबीगल जातीच्या गाभण मुशी शेकडो कोस खाली येऊन ह्या समुद्राच्या खोल भागात पिले घालतात, असे उपग्रहाशी जोडलेल्या खुणचिठ्ठ्यांवरून २०१० च्या सुमारास उघडकीस आले. परंतु ह्या सर्वांत विलक्षण गोष्ट आहे ती वाम माशाची, आणि ती मात्र आम्ही थोडी सविस्तर सांगणार आहोत.

युरोपातील नद्या, तळी, शेतांतले पाट ह्यांत वाम पूर्वापार सापडे आणि आवडीने खाल्लीही जाई. पण तिची अंडी कोणी पाहिली नव्हती, पिले कोणी पाहिली नव्हती. ती चिखलातून आपोआप उपजते, असे साक्षात ॲरिस्टॉटलचे मत होते. पुढे मनोविश्लेषणाबद्दल जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड १८७६ साली विद्यार्थिदशेत असताना त्रिएस्त येथे नर वामीचे जननेंद्रिय शोधण्यासाठी सुमारे चारशे वामी चिरीत बसले होते, आणि त्यांच्याही हाती निश्चित असे फारसे काही लागले नाही. (मनुष्याचे मन वाचणे त्या मानाने सोपे गेले असावे.) अखेरीस योहानेस श्मिट ह्या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०४ पासून जवळजवळ वीस वर्षे अटलांटिक पालथा घातला. पारदर्शक, पानाच्या आकाराची वामीची डिंभके तो गोळा करी आणि त्यांची लांबी मोजी. जिथे डिंभके अधिकाधिक लहान सापडत जातील, तिथे त्यांचे जन्मस्थान असले पाहिजे, हा त्याचा साधा आणि बिनतोड तर्क होता. तो तर्क त्यास सर्गासो समुद्रात घेऊन गेला.

तिथे जन्मलेले डिंभक प्रवाहांबरोबर दोन-तीन वर्षे वाहत युरोपच्या किनाऱ्याला लागते, काचेसारखी चिमुकली वाम बनते, नदीत शिरते आणि दहा-वीस वर्षे गोड्या पाण्यात काढते. मग एका शरद ऋतूत तिचे अंग रुपेरी होते, डोळे मोठे होतात, अन्नमार्ग आक्रसतो आणि ती काही न खाता पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर पोहत माहेरी परतते. अंडी घालते आणि तेथेच तिचा अंत होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आझोर्स बेटांजवळ खुणचिठ्ठ्या लावून सोडलेल्या वामींपैकी काही सर्गासो समुद्रापर्यंत पोहोचल्याचे प्रथमच प्रत्यक्ष दिसून आले. म्हणजे श्मिटचा तर्क खरा ठरण्यास शंभर वर्षे लागली! असे असूनही अटलांटिकमधील वामीचे अंडे निसर्गात अद्याप कोणाच्या हाती लागलेले नाही. आणि ज्या माशाचे अंडे आपण पाहिले नाही, तो मासा मात्र आपण जवळजवळ संपवीत आणला आहे. युरोपच्या किनाऱ्यास येणाऱ्या कोवळ्या वामींची संख्या १९८० नंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००८ पासून ती अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

येथेच आमच्या विषयाचे मूळ आहे. आयर्लंडमधील एखाद्या नगरपालिकेने आपल्या नदीत वामीस अभय दिले, बंधाऱ्याच्या कडेने तिच्यासाठी वाट करून दिली, तरी तिचे बाळंतपण व्हावयाचे ते कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पाण्यात. तिथे अभय कोणी द्यावे?

आपल्या खेड्यांत गायरान नावाची जमीन असे. ती साऱ्या गावाची, म्हणून गुरे सर्वांची चरत. आणि ती कोणा एकाची नव्हे, म्हणून तिला खत घालण्याचे, कुंपण करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरांच्या पलीकडचा समुद्र हे जगाचे असेच गायरान होय. महासागराच्या पृष्ठभागाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग ह्यात मोडतो. १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तेथे सर्वांस नौका हाकण्याची व मासे धरण्याची मुभा आहे, आणि सागरी जीवनाचे रक्षण करण्याचे कर्तव्यही सर्वांवरच आहे. गायरानाच्या बाबतीत जे घडते तेच येथे घडले. मुभा सर्वांच्या लक्षात राहिली. कर्तव्य दुसरा कोणी करील, असे ज्याला त्याला वाटले.

बरे, ह्या गायरानाचा कारभारही एका चावडीवर चालत नाही. ट्यूना माशांचा हिशेब माद्रिदच्या कचेरीत, जहाजांचे नियम लंडनच्या कचेरीत, समुद्रतळावरील खनिजांचे परवाने जमैकातील किंग्स्टनच्या कचेरीत! एकाच शेताचे तीन सातबारे (आमच्याकडे तेलंगणात ज्यास पहाणी म्हणतात) तीन तलाठ्यांकडे असावेत आणि तिघांचीही एकमेकांशी ओळख नसावी, तसला हा प्रकार. शैवाल, डिंभके आणि कासवाची पिले ह्यांचा हिशेब ह्यांपैकी एकाही दप्तरात नव्हता.

अशा समुद्राची राखण करण्यास पुढे सरसावले कोण, तर बर्म्युडाचे सरकार. ह्या बेटांचे क्षेत्रफळ जेमतेम ५३ चौरस किलोमीटर आणि वस्ती चौसष्ट हजारांच्या आसपास. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती! शिवाय हे स्वतंत्र राष्ट्रही नव्हे. तो ब्रिटनच्या ताब्यातील एक स्वशासित प्रदेश आहे. रस्ते, शाळा, मासेमारी, कर हे विषय तेथील निवडून आलेल्या सरकारकडे. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण ब्रिटनकडे. म्हणजे परदेशाशी करारमदार करावयाचा तर अगोदर लंडनचा होकार हवा. असल्या सरकारने आंतरराष्ट्रीय समुद्राची उठाठेव करावी, ह्यात कोणास आगंतुकपणा दिसेल. 'घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे' अशी कुरकूर घरातूनही उठू शकते, आणि ती कशी उठली ते पुढे येईलच.

परंतु बर्म्युडास ह्या कामाची परंपरा आहे, आणि ती फार जुनी आहे. १६२० साली, म्हणजे आमचे हैदराबाद शहर वसून तीस वर्षेही झाली नव्हती आणि दख्खनमध्ये मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकीत होता त्या काळी, बर्म्युडाच्या पहिल्या विधिसभेने लहान कासवे मारण्याविरुद्ध एक कायदा केला. अठरा इंचांहून कमी रुंदीचे कासव बेटांच्या सभोवार पाच लीगांच्या, म्हणजे सुमारे पंधरा मैलांच्या आत कोणी मारू नये. मारल्यास दर कासवामागे पंधरा पौंड तंबाखू दंड. (तंबाखू हेच तेथील चलन होते.) वसाहत होऊन आठ वर्षे झालेल्या मूठभर लोकांनी जमिनीवर बसून समुद्रात पंधरा मैलांपर्यंत हुकूम चालवावा, हे आम्हांस मोठे नवलाचे वाटते. कायद्याने कासवे वाचली असे मात्र म्हणता येत नाही. पुढे ह्या बेटांवर हिरव्या कासवांची वीण बंद पडली ती पडलीच. १९६८ पासून दहा वर्षे कोस्टा रिकाहून हजारो अंडी आणून तेथील वाळूत उबविण्यात आली, आणि २०१५ साली, जवळजवळ एका शतकानंतर, बर्म्युडाच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवाच्या घरट्यातून पिले बाहेर पडली. ह्या पिलांनी बालपण काढावयाचे ते सर्गासोच्या शैवालात.

कहाऊ नावाच्या पक्ष्याची हकीकतही अशीच आहे. जगात फक्त बर्म्युडात घरटे करणारा हा समुद्रपक्षी पहिल्या वसाहतवाल्यांनी आणि त्यांच्या डुकरांनी, उंदरांनी इतका संपविला, की १६२० च्या सुमारास तो नामशेष झाला असे सर्वांनी धरून चालले. १९५१ साली, सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी, खडकाळ बेटांच्या बिळांत तो जिवंत सापडला. शोधणाऱ्यांबरोबर डेव्हिड विंगेट नावाचा पंधरा वर्षांचा एक स्थानिक मुलगा होता. ह्याच मुलाने पुढे सरकारचा संवर्धन अधिकारी म्हणून नॉनसच नावाच्या बेटावर आपले आयुष्य वाहिले. साठीच्या दशकाच्या आरंभी अवघ्या १८ जोड्या होत्या. आज शंभराहून अधिक आहेत. पण हा पक्षी चरतो कुठे? त्याच्या पायास बांधलेल्या सूक्ष्म यंत्रांनी सांगितले, की तो खुल्या अटलांटिकवर हजारो किलोमीटर उडतो, आझोर्सपर्यंतही जातो. घरट्याचा बंदोबस्त बर्म्युडाने करावा. ताटातले अन्न मात्र गायरानातले. हे एकदा ध्यानात आले, की ह्या चिमुकल्या सरकारची उठाठेव उठाठेव राहत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

२०१० साली बर्म्युडा सरकारच्या पुढाकाराने शास्त्रज्ञ, कायदेपंडित आणि काही संस्था ह्यांची सर्गासो समुद्र आघाडी उभी राहिली. हुकूम चालविण्याचा अधिकार नव्हता, आरमार नव्हते, पैसाही बेताचा. होता तो पुरावा. १९०३ पासून बेटावर सागरसंशोधनाची संस्था आहे, आणि १९५४ पासून जवळच्या समुद्रातील एकाच ठिकाणी नियमाने पाण्याचे मोजमाप होत आले आहे. इतकी दीर्घ नोंदवही खोल समुद्राच्या बाबतीत जगात क्वचितच आढळेल. ह्या साऱ्या सामग्रीवरून आघाडीने २०११ मध्ये एक शास्त्रीय कैफियत तयार केली आणि ती घेऊन ती दारोदार फिरली.

त्यांपैकी एक दार आमच्या हैदराबादेचे होते, हे वाचून आमच्या वाचकांस गंमत वाटेल. २०१२ च्या ऑक्टोबरात जैविक विविधता कराराची अकरावी परिषद येथे भरली होती. आम्हां हैदराबादकरांस त्या दिवसांची आठवण असलीच तर बहुधा अडलेल्या वाहतुकीची! पण त्याच परिषदेत, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ह्या खडकाळ पठारावर, सर्गासो समुद्राचे वर्णन 'जैविक दृष्ट्या महत्त्वाचे सागरी क्षेत्र' म्हणून अधिकृत कागदावर आले. तशी ह्या शहराची आणि समुद्राची सोयरीक अगदीच नवी नव्हे. कोळ्यांस मासे कुठे मिळतील हे सांगणारे आणि त्सुनामीची सूचना देणारे केंद्र सरकारचे सागरी माहिती केंद्र १९९९ पासून हैदराबादेतच आहे. असो. हैदराबादच्या ठरावाने कोणावर कसलीही बंदी आली नाही. ते केवळ वर्णन होते. परंतु कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी जमिनीचा पंचनामा लागतो, तसा तो पंचनामा झाला.

मग ११ मार्च २०१४ रोजी बर्म्युडाची राजधानी हॅमिल्टन येथे एका जाहीरनाम्यावर पाच सह्या झाल्या: बर्म्युडा, आझोर्स, मोनॅको, ब्रिटन आणि अमेरिका. ही नावे जरा निरखून पाहावीत. आझोर्स हा पोर्तुगालचा स्वायत्त प्रांत. बर्म्युडा ब्रिटनचा अंकित प्रदेश. जगातील दोन बलाढ्य राष्ट्रांच्या मांडीस मांडी लावून दोन प्रांतिक सरकारे बसली, आणि यजमानपद त्यांतल्याच एकाकडे होते. पुढे कॅनडा, बहामास, डोमिनिकन प्रजासत्ताक ह्या राष्ट्रांप्रमाणेच केमन बेटे व ब्रिटिश व्हर्जिन बेटे ह्या प्रदेशांनीही सह्या केल्या. जाहीरनाम्यान्वये सर्गासो समुद्र आयोग नेमण्यात आला. त्याच्या सदस्यांची नियुक्ती इतरांच्या सल्ल्याने बर्म्युडा सरकारने करावयाची, असे ठरले.

जाहीरनाम्यास कायद्याचे दात नाहीत, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आयोग कोणाची नौका अडवू शकत नाही, कोणास दंड करू शकत नाही. त्याने करावयाचे ते इतकेच, की ज्या त्या कचेरीत जाऊन आपला समुद्र तेथील दप्तरी नोंदवावयाचा आणि पाठपुरावा करावयाचा. आपल्याकडे सरकारी कचेरीत फाइल पुढे सरकविणारे जे चिकाटीचे गृहस्थ असतात, त्यांचीच ही सागरी आवृत्ती. फळ कोठे आले, कोठे आले नाही. वायव्य अटलांटिकच्या मत्स्यसंघटनेने सर्गासोच्या उत्तर भागातील बुडालेल्या पर्वतशिखरांवर तळ खरवडून काढणाऱ्या जाळ्यांस मज्जाव केला आहे. त्या बंदोबस्तास आयोगाच्या पाठपुराव्याचे बळ मिळाले. मोनॅकोच्या प्रस्तावावरून २०१४ साली युरोपीय वाम स्थलांतरी प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सूचीत आली, आणि मग ज्या देशांच्या नद्यांत ती राहते ते देश एकत्र बसू लागले. २०१६ मध्ये युनेस्कोच्या एका अहवालाने खुल्या समुद्रातील जागतिक वारशाची उदाहरणे देताना सर्गासोचे नाव घेतले. ट्यूनाच्या कचेरीत मात्र अभ्यास आणि पुन्हा अभ्यास ह्यापलीकडे गाडी फारशी गेलेली दिसत नाही.

आता त्या घरच्या कुरकुरीविषयी. खुल्या समुद्राची राखण करू पाहणाऱ्या बर्म्युडाच्या स्वतःच्या दोनशे मैलांच्या पट्ट्याचे काय, हा प्रश्न निघणारच होता. त्या पट्ट्याच्या मोठ्या भागात मासेमारी अजिबात बंद करावी असा 'ब्ल्यू हेलो' नावाचा एक प्रस्ताव आला, आणि २०१३ मध्ये त्यावर जाहीर विचारविनिमय झाला. स्थानिक कोळी बिथरले. १९९० साली सरकारने मासे धरण्याच्या पिंजऱ्यांवर बंदी घातली होती, ती त्यांच्या स्मरणात होती. लहान होड्यांनी पोट भरणाऱ्यांनी आपली उद्याची वाट आजच बंद का करून घ्यावी, आणि इतक्या दूरवर पहारा तरी कोण देणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. प्रस्ताव बारगळला. ह्यावर 'लोका सांगे ब्रह्मज्ञान' असे म्हणून हसणे सोपे आहे. आम्हांस तसे म्हणवत नाही. निवडून आलेल्या सरकारास कोळ्यांचे ऐकावे लागते, आणि लागले पाहिजे. दूरच्या समुद्राविषयी बोलताना मते गमवावी लागत नाहीत, जवळच्या समुद्राविषयी लागतात. आझोर्सच्या विधिमंडळाने २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या भोवतीच्या समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षित करण्याचा कायदा केला, आणि त्यात निम्म्या भागात मासेमारी संपूर्ण बंद ठेवली. बर्म्युडातील वाद मात्र नव्या योजनांच्या रूपाने चालूच राहिला.

शैवालाचीही दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०११ पासून सर्गासो समुद्राच्या बऱ्याच दक्षिणेस, पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत, ह्याच शैवालाचा एक नवा पट्टा दिसू लागला. २०१८ मध्ये त्याची लांबी ८८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटी टनांहून अधिक भरले. कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग सडतात, नासक्या अंड्यासारखा वायू सुटतो आणि प्रवासी येईनासे होतात. तेथील नगरपालिका फावडी-गाड्या घेऊन जे उपसत आहेत, तेच शैवाल जपावे असे आयोगाने सांगावे, हा प्रसंग अवघडच. खुल्या समुद्रात जे रान आहे, तेच किनाऱ्यावर उकिरडा होते. पण दोन्ही एकच नव्हेत, हे सडक्या वासात उभ्या असलेल्या माणसाला पटविणे कठीण.

आणि कचऱ्याचे तर विचारूच नये. चक्राकार प्रवाहांनी शैवाल जसे आत धरून ठेवले, तसेच प्लास्टिकही. सर्गासोच्या पृष्ठभागावर एका चौरस किलोमीटरला सरासरी ३५०० प्लास्टिकचे तुकडे असल्याचे दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७२ सालीच छापून प्रसिद्ध केले होते. तेव्हा आमच्या घरांत भाजी अजून कापडी पिशवीतून येत होती.

इतकी वर्षे जो दुवा नव्हता तो आता तयार झाला आहे. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील सागरी जैवविविधतेचा करार, सुमारे वीस वर्षांच्या चर्चेनंतर, १९ जून २०२३ रोजी न्यूयॉर्क येथे संमत झाला. साठ राष्ट्रांची मान्यता सप्टेंबर २०२५ मध्ये पुरी झाली आणि १७ जानेवारी २०२६ रोजी तो अंमलात आला. भारतानेही सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आहे. ह्या करारान्वये खुल्या समुद्रातही संरक्षित क्षेत्रे आखता येतील. शक्यतो एकमताने, एकमत न झाल्यास तीन-चतुर्थांश मतांनी. म्हणजे कोणा एकट्या राष्ट्रास नन्नाचा पाढा वाचून सर्व अडवून धरता येणार नाही. अशा क्षेत्रांसाठी प्रारंभापासून ज्यांची नावे घेतली जातात, त्यांत सर्गासो समुद्र अग्रभागी आहे.

मात्र प्रस्ताव आणावयाचा तो करारात सामील झालेल्यांनी, आणि करारात सामील व्हावयाचे ते राष्ट्रांनी. बर्म्युडा राष्ट्र नव्हे. ज्याने चौदा-पंधरा वर्षे कैफियत लिहिली, पंचनामा करविला, पाहुण्यांस घरी बोलावून सह्या घेतल्या, त्यास सभागृहात स्वतःचे मत नाही. त्याचे म्हणणे मांडावयाचे तर लंडनने मांडावे, किंवा जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या अन्य कोणा राष्ट्राने. कुळाने कसलेल्या जमिनीचा दावा खातेदाराच्या नावाने चालावा, तशी ही स्थिती आहे. बर्म्युडाच्या राज्यकर्त्यांना ह्याचे वैषम्य वाटते किंवा कसे, हे आम्ही सांगू शकत नाही, आम्हांस वाटते.

जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तो मार्चचा महिना कहाऊची अंडी फुटण्याचा. आई-बाप रात्री समुद्रावरून येतात, पिलास भरवितात आणि उजाडण्यापूर्वी निघून जातात. मे महिन्याच्या अखेरीस त्यांचे येणे थांबते. मग पिलू एकटेच रात्री बिळाबाहेर येऊन पंख झटकते, खडक चढते, उतरते आणि एका रात्री नॉनसचच्या कड्यावरून उडून जाते. दोनशे मैलांची रेषा ते केव्हा ओलांडते, हे अंधारात कोणास दिसत नाही. परत येते ते तीन-चार वर्षांनी.